डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोळ्यांची सर्जन आहे. पापण्या आणि डोळ्याची खोबण यांची ऑपरेशनं हे माझं रोजचं काम. खोबणीचा तळ मोडलेला पेशंट येतो तेव्हा सोबत तीन-चार नातेवाईक असतात, आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात. ओपीडीच्या गर्दीत उत्तरं अपुरी राहतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. डोळा किती भयंकर दिसतो, यावरून या दुखापतीतली घाई ठरत नाही. मोठ्या माणसाचा सुजून मिटलेला काळानिळा डोळा, नजर शाबूत असेल तर, बहुतेकदा आठवडाभर थांबू शकतो. लहान मुलाचा वरून धड दिसणारा डोळा कधीकधी उद्यापर्यंतही थांबू शकत नाही.

नेमकं मोडतं काय? डोळा की हाड?

हाड. डोळा ज्या खोबणीत बसतो ती सात हाडांची मिळून बनते. आकार आडव्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखा, पुढे रुंद आणि मागे निमुळता. मोठ्या माणसाच्या खोबणीत साधारण ३० मिलिलिटर जागा असते आणि त्यातला डोळा जेमतेम ७ मिलिलिटरचा. उरलेल्या जागेत चरबी, डोळा हलवणारे स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या असतात.

खोबणीची कड जाड असते, ती बोटाने चाचपता येते. आतल्या भिंती मात्र फार पातळ. तळ काही ठिकाणी अर्धा मिलिमीटर भरतो, आणि नाकाकडची भिंत त्याहून पातळ. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मी कोरडी कवटी खिडकीकडे धरून खोबणीत पाहिलं होतं. आकाशकंदिलाच्या कागदातून यावा तसा उजेड त्या हाडातून येत होता. आजही सीटी स्कॅन बघताना मला तो उजेड आठवतो.

या तळाखाली, गालाच्या मागे, वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी असते, तिला आपण सायनस म्हणतो. म्हणजे खोबणीचा तळ हेच सायनसचं छत. वरच्या मजल्याची फरशी खचली की सामान खालच्या खोलीत लोंबतं. तसंच तळ मोडला की डोळ्याभोवतीची चरबी, आणि कधी स्नायूही, सायनसमध्ये उतरतो. याच तळातल्या एका पन्हळीतून गालाची संवेदना नेणारी नस जाते. ती पुढे पुन्हा येणार आहे.

मार तर डोळ्यावर बसला, मग आतलं हाड कसं मोडलं?

याची दोन कारणं सांगतात आणि दोन्ही खरी आहेत. एक म्हणजे, डोळ्यावर पुढून दाब आला की खोबणीतला दाब एकदम वाढतो आणि सगळ्यात कच्ची बाजू फुटते. दुसरं म्हणजे, खोबणीच्या खालच्या कडेवर बसलेला धक्का हाडातून मागे जातो. जाड कड तो पचवते, पातळ तळ वाकतो आणि तडकतो.

पहिलं कारण १९५७ साली बायरन स्मिथ आणि विल्यम रीगन या अमेरिकी डॉक्टरांनी प्रयोगाने दाखवलं. त्यांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग या आयरिश खेळातला चेंडू ठेवला आणि त्यावर हातोडीने घाव घातला. कड शाबूत राहिली, तळ फुटला. 'ब्लो-आउट फ्रॅक्चर' हे नाव त्यांनीच रूढ केलं, आणि तुमच्या रिपोर्टवर आजही बहुतेकदा तेच छापलेलं असतं.

आपल्याकडे हा मार बहुतेकदा दुचाकीवरून पडून, भांडणात ठोसा बसून किंवा खेळताना लागतो. चेंडूचा आकार इथे महत्त्वाचा. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सुमारे ७ सेंटिमीटर आणि खोबणीचं तोंड सुमारे ४ सेंटिमीटर रुंद. म्हणजे चेंडू कडेवर अडतो आणि बराचसा जोर हाडं घेतात. स्क्वॉशचा चेंडू, बॅडमिंटनचं फूल, विटीचं टोक या वस्तू कडेच्या आत शिरतात आणि थेट डोळा दुखावतात. म्हणून "लहानशी विटी लागली, त्यात काय" असं कुणी म्हणालं तर मी जास्त काळजीने तपासते.

तळ मोडलाय हे कळतं कशावरून?

डोळ्याभोवती काळंनिळं होणं आणि सूज येणं कुठल्याही माराने होतं, त्यावरून काहीच ठरत नाही. तळ मोडल्याची शंका पुढच्या गोष्टींवरून येते.

एकाचे दोन दिसणं, विशेषतः वर किंवा खाली बघताना, आणि एक डोळा झाकला की ते थांबणं. गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरच्या हिरड्या बधिर होणं, पेशंट म्हणतात, "दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यासारखं वाटतंय." वर बघताना डोळा ओढल्यासारखा दुखणं. नाक शिंकरल्यावर पापणी फुग्यासारखी फुगणं. आणि सूज उतरल्यावर, म्हणजे आठ-दहा दिवसांनी, एक डोळा दुसऱ्यापेक्षा आत गेलेला दिसणं. हे शेवटचं लक्षण उशिरा येतं, त्यामुळे पहिल्या दिवशी "डोळा तर पुढेच आलाय" म्हणून निर्धास्त राहू नये. तेव्हा सूज त्याला पुढे ढकलत असते.

मुलाला मार लागला, डोळा पांढराशुभ्र आहे, सूजही नाही. पण तो उलट्या करतोय. असं का?

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात. सगळ्यांनी विचारायला हवा.

मुलांची हाडं लवचीक असतात. वाळकी काटकी कटकन मोडते, ओली काटकी वाकते आणि परत सरळ होऊ बघते. मुलाचा तळ मार बसल्यावर उंदराच्या पिंजऱ्याच्या दारासारखा क्षणभर उघडतो, चरबी आणि खालचा स्नायू त्या फटीत उतरतो, आणि दार परत मिटतं. स्नायू आत चिमटला जातो. बाहेर रक्त साकळत नाही, पापणी सुजत नाही, डोळा पांढरा राहतो. १९९८ साली डॉक्टरांनी याला 'व्हाइट-आइड ब्लो-आउट' म्हणजे पांढऱ्या डोळ्याचं फ्रॅक्चर असं नाव दिलं.

चिमटलेला स्नायू ओढला गेला की डोळ्यापासून मेंदूमार्गे हृदयापर्यंत एक प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप उठणारा संदेश, जातो. नाडी मंदावते, मळमळतं, उलट्या होतात, मूल निपचित पडतं. मार लागलेलं मूल उलट्या करत असेल तर आधी डोक्याचा मार असल्याचं गृहीत धरलं जातं, आणि तसं धरणं बरोबरच आहे. अडचण पुढे होते. मेंदूचा स्कॅन नॉर्मल येतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण मेंदूच्या स्कॅनचे आडवे काप खोबणीच्या तळाला समांतर जातात, त्यात ही बारीक फट सहज निसटते.

सहावीतला एक मुलगा माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आला. कबड्डी खेळताना दुसऱ्याचा गुडघा लागला होता. दोन दिवस तो एका रुग्णालयात डोक्याच्या मारासाठी देखरेखीखाली होता, सलाइन चालू, स्कॅन नॉर्मल. डोळ्याकडे बघायचं कारणच कुणाला दिसलं नव्हतं. त्याच्या आईला दिसलं. ती म्हणाली, "मॅडम, भिंतीवरचं घड्याळ बघताना हा अख्खी मान वर करतो, डोळे वर करतच नाही." मी त्याची हनुवटी धरली आणि पेन वर नेलं. उजवा डोळा वर गेला, डावा मधोमध अडकून राहिला आणि पोराने पोट धरलं. त्याच रात्री ऑपरेशन केलं. स्नायू सुटला, पण तीन दिवस चिमटीत राहून त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. डोळा पुरेसा वर जायला बरेच महिने लागले, आणि अगदी वर बघताना त्याला आजही दोन दिसतात. तो पहिल्या दिवशी आला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून, मुलाच्या चेहऱ्याला मार लागला असेल तर घरीच एवढं करा. त्याची मान स्थिर धरा आणि बोट किंवा पेन वर, खाली, दोन्ही बाजूंना न्या. दोन्ही डोळे सोबत जातात का बघा. एक डोळा मागे राहिला, किंवा वर बघताना मूल कळवळलं, तर रात्र असली तरी निघा. डॉक्टरांना "डोळा वर जात नाही" हे शब्द सांगा. स्नायू चिमटलाय असं दिसलं तर ऑपरेशन २४ ते ४८ तासांत व्हावं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं.

आणखी कशासाठी लगेच धावायचं?

मार लागल्यावर काही तासांत दुखणं वाढतच गेलं, डोळा दगडासारखा कडक होऊन पुढे येऊ लागला आणि दिसणं कमी होत गेलं, तर डोळ्यामागे रक्त साचत असतं. खोबण हाडांची, ती पसरत नाही. दाब थेट डोळ्याच्या नसेवर येतो. दीड-दोन तासांत नजर कायमची जाऊ शकते. अशा वेळी पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात छेद देऊन दाब मोकळा करावा लागतो, आणि तो जवळच्या रुग्णालयात तिथल्या तिथे द्यावा. स्कॅनसाठी खोळंबू नये.

डोळाच फुटल्याची शंका असेल, म्हणजे बुबुळाचा आकार वेडावाकडा झाला असेल, डोळ्यातून पाणी किंवा काळसर काही बाहेर आलं असेल, तर डोळा धुऊ नका, दाबू नका, औषध घालू नका. कागदी कपाचा तळ कापून डोळ्यावर हलकेच टेकवा, तो फक्त हाडांवर टेकला पाहिजे, आणि चिकटपट्टी लावून आणा. डोळा फुटला असेल तर आधी डोळा शिवतात, हाडाचं नंतर बघतात.

घरी काय करावं? हळदीचा लेप, गरम शेक?

दोन्ही नको. गरम शेकाने सुरुवातीचा रक्तस्राव वाढतो, आणि लेपाखाली पापणी कशी आहे ते दिसतच नाही. पहिले दोन दिवस बर्फ कपड्यात गुंडाळून दहा-दहा मिनिटं भुवईवर आणि गालावर ठेवा, डोळ्यावर दाबू नका. डोकं दोन उशांवर उंच ठेवून झोपा. ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती आपणहून बंद करू नका, पण डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

आणि नाक शिंकरू नका. हे मी प्रत्येकाला तीनदा सांगते. मार लागला की नाकातून थोडं रक्त येतं, नाक चोंदतं आणि माणूस सवयीने जोरात शिंकरतो. सायनसमधली हवा मोडलेल्या तळातून वर खोबणीत घुसते. एक गृहस्थ ओपीडीच्या रांगेत बसूनच शिंकरले आणि आत येईपर्यंत त्यांची पापणी पुरीसारखी टम्म फुगली होती. बोट लावलं की त्वचेखाली बर्फ चुरडल्यासारखा आवाज येत होता. ही हवा बहुतेकदा आपोआप जिरते, पण तिच्याबरोबर सायनसमधले जंतूही वर जाऊ शकतात. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंका.

एक्स-रे काढलाय. सीटी स्कॅन कशाला?

एक्स-रेत सायनसच्या छताला लोंबणारा थेंबासारखा आकार कधीतरी दिसतो, पण बरीच फ्रॅक्चर निसटतात. खोबणीचा सीटी स्कॅन बारीक कापांचा हवा, आणि उभे काप समोरून आणि बाजूने, दोन्ही हवेत. त्यातून भोक केवढं आहे, स्नायू कुठे आहे, हाडाची मागची कड शाबूत आहे का, हे कळतं. सीडी किंवा मूळ फाइल जपून ठेवा. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो बघून मी ऑपरेशनचा निर्णय घेत नाही.

स्कॅनइतकीच डोळ्याची तपासणी महत्त्वाची. नजर, बाहुली, डोळ्यातला दाब, पडदा हे सगळं बघितल्याशिवाय हाडाला हात लावायचा नसतो.

फ्रॅक्चर आहे म्हणजे ऑपरेशन लागणारच ना?

नाही. ऑपरेशन न लागणारे पेशंट भरपूर असतात. हात मोडला की प्लास्टर, इतकं साधं गणित डोक्यात असल्यामुळे हे पटायला जड जातं.

या बाबतीत डॉक्टरांचं मतही बदललं आहे. १९५७ नंतर बरीच वर्षं तळ मोडला की लवकर उघडून दुरुस्त करायची पद्धत होती. १९७४ मध्ये ॲलन पुटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन न केलेल्या ५७ पेशंटची नोंद प्रसिद्ध केली; त्यांतल्या बहुतेकांचं दोन दिसणं आपोआप गेलं होतं किंवा रोजच्या कामात त्रास देत नव्हतं. सुरुवातीचं दोन दिसणं पुष्कळदा सूज आणि स्नायूला बसलेला मुका मार यांमुळे असतं, आणि सूज उतरली की तेही उतरतं. त्या चर्चेतूनच आजचा मधला मार्ग निघाला.

मी ऑपरेशन सुचवते ते अशा वेळी. स्नायू अडकलाय आणि दोन आठवड्यांच्या आसपासही समोर किंवा खाली बघताना दोन दिसतात. खाली बघणं मी मुद्दाम म्हणते, कारण जिना उतरणं, वाचणं, ताटातलं जेवण हे सगळं खालच्या नजरेने होतं. डोळा २ मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेलाय. किंवा स्कॅनमध्ये अर्ध्याहून जास्त तळ खचलाय आणि आज नाही तरी सूज गेल्यावर डोळा आत जाणार हे दिसतंय. खोबणीत साधारण १ मिलिलिटर जागा वाढली की डोळा सुमारे १ मिलिमीटर मागे जातो, त्यावरून अंदाज बांधता येतो.

लहान भेग असेल, डोळा सगळीकडे फिरत असेल, दोन दिसत नसतील, तर मी फक्त लक्ष ठेवते. अशा वेळी "काहीतरी करा ना डॉक्टर" हा आग्रह मला कळतो. पण न केलेल्या ऑपरेशनची गुंतागुंत होत नाही. आठवड्याने परत या म्हटलं की मात्र नक्की या.

दोन आठवडे थांबा म्हणतात. तोवर हाड वाकडं जुळणार नाही का?

मोठ्यांमध्ये पाच ते दहा दिवस थांबण्याचा फायदा असतो. सूज उतरते, दोन दिसणं स्नायूच्या सुजेमुळे होतं की खरंच काही अडकलंय ते उघड होतं, आणि ऑपरेशन करताना आतलं स्वच्छ दिसतं. फार उशीर केला तर मात्र खाली उतरलेली चरबी सायनसच्या अस्तराला व्रण धरून चिकटते आणि ती सोडवणं अवघड होतं. म्हणून साधारण दोन आठवड्यांची मर्यादा धरतात. महिन्यांनी आलेल्यांचंही ऑपरेशन होतं, फक्त ते कठीण असतं आणि निकाल तितका हमखास नसतो.

कुठल्या डॉक्टरांकडे जायचं?

ओक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्या आणि खोबणीची ऑपरेशनं, करणारे डोळ्यांचे सर्जन, मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांचे) सर्जन, प्लास्टिक सर्जन, काही ठिकाणी कान-नाक-घसातज्ज्ञ, हे सगळे हे ऑपरेशन करतात. गालाचं हाड किंवा जबडाही मोडला असेल तर मॅक्सिलोफेशियल सर्जन हवेतच. "तुम्ही खोबणीची ऑपरेशनं नेहमी करता का?" असं थेट विचारा, त्यात अपमान नाही. ऑपरेशन कुणीही करो, आधी आणि नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलेलं असायला हवं.

ऑपरेशन करताना डोळा बाहेर काढून ठेवतात का?

नाही, कधीच नाही. ही भीती किती जणांच्या मनात असते! डोळा जागच्या जागी राहतो.

पूर्ण भूल देतात. सर्वांत आधी आम्ही बारीक चिमट्याने डोळ्याचा पांढरा भाग बुबुळाच्या खालच्या कडेजवळ हलकेच धरतो आणि डोळा वर फिरवून बघतो. स्नायू अडकला असेल तर डोळा खाली दोरी बांधल्यासारखा अडतो, ती ओढ हाताला स्पष्ट जाणवते. मग बुबुळावर संरक्षक कवच ठेवून खालच्या पापणीच्या आतल्या, गुलाबी बाजूने छेद देतो. बाहेर व्रण दिसत नाही. काही वेळा पापणीच्या केसांखाली किंवा पापणीच्या घडीत छेद घ्यावा लागतो, तो व्रणही बहुतेकदा सुरकुतीत मिसळतो. नाकातून किंवा वरच्या ओठाच्या आतून दुर्बिणीने करायची पद्धतही आहे, निवडक पेशंटसाठी.

छेदातून खोबणीच्या कडेपर्यंत पोहोचतो, हाडावरचं पातळ आवरण उचलतो आणि मागे सरकत भोक शोधतो. सायनसमध्ये लोंबणारी चरबी आणि स्नायू हळूहळू, न फाडता, वर घेतो. इथे घाई चालत नाही. मुलांमध्ये फट इतकी बारीक असते की स्नायू सोडवण्यासाठी हाडाची कड थोडी खरवडावी लागते. मग भोकाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत, विशेषतः मागची. तीच कड चुकली तर भोकावर आधाराला बसवायची जाळी खाली झुकते आणि डोळा पुन्हा आत जातो. आणि तिच्या मागे डोळ्याची मुख्य नस असते, म्हणून पुढे किती जायचं याचं भान सुटता कामा नये. जाळी बसवली की तीच चिमट्याची परीक्षा परत. मघाशी अडणारा डोळा आता तेल दिल्यासारखा फिरतो. तो क्षण मला इतक्या वर्षांनीही तितकाच मोलाचा वाटतो.

साध्या केसला तास-दीड तास लागतो.

आत काय बसवतात? ते कायमचं असतं का?

पूर्वी पेशंटचंच हाड वापरत, कंबरेचं किंवा कवटीचं. ते शरीराचं स्वतःचं असतं, पण काढायला दुसरी जखम करावी लागते आणि काही प्रमाणात ते विरघळतं. आज जास्त करून टायटॅनियमची जाळी, किंवा बारीक छिद्रांची पॉलिएथिलीनची चकती, किंवा दोन्ही एकत्र असलेली पट्टी वापरतात. छिद्रांतून शरीराच्या पेशी आत वाढतात आणि ती घट्ट धरली जाते. लहान भोकांसाठी आणि मुलांमध्ये काही सर्जन काही महिन्यांत विरघळणारी पातळ पट्टी घालतात. जुन्या काळी सिलिकॉनच्या चकत्या घालत. त्या वर्षांनंतरही सरकल्याची किंवा जंतुसंसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून त्या मागे पडल्या.

मोठ्या फ्रॅक्चरमध्ये चांगल्या बाजूच्या खोबणीचं आरशातलं प्रतिबिंब संगणकावर घेऊन त्या मापाची जाळी थ्रीडी प्रिंटिंगने बनवता येते. ती महाग असते. प्रत्येकाला लागत नाही. अनुभवी हाताने वाकवलेली साधी जाळी बहुतेक फ्रॅक्चरना पुरते.

टायटॅनियमला लोहचुंबक ओढत नाही, त्यामुळे पुढे एमआरआय करता येतो. तंत्रज्ञांना आधी सांगा आणि इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवा. त्रास नसेल तर जाळी काढावी लागत नाही.

यात नजर जाण्याचा धोका किती?

फार कमी, पण शून्य नाही, आणि मी तो लपवत नाही. ऑपरेशननंतर डोळ्यामागे रक्तस्राव झाला तर नजर जाऊ शकते. म्हणून पहिल्या रात्री सिस्टर सारख्या येऊन टॉर्च मारतात आणि "किती बोटं?" विचारतात. झोपमोड होते म्हणून रागावू नका. रात्री दुखणं अचानक वाढलं किंवा अंधारल्यासारखं वाटलं तर सकाळची वाट न बघता बेल दाबा.

बाकीचे त्रास जास्त वेळा होतात: दोन दिसणं काही काळ राहणं, डोळा थोडा आत राहणं, खालची पापणी खाली ओढली जाणं किंवा आत वळणं, जंतुसंसर्ग, जाळी सरकणं. यांतल्या काहींना दुसरं छोटं ऑपरेशन लागतं.

ऑपरेशननंतर पहिले दिवस कसे जातात?

बहुतेक पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरू लागते, त्यामुळे घरी आल्यावर डोळा जास्त सुजलेला दिसला म्हणून घाबरू नका. नाक शिंकरणं तीन-चार आठवडे बंद. वाकून जड उचलणं, व्यायामशाळा, तंबाखू, सिगारेट बंद. विमानप्रवास मी दोन-तीन आठवडे टाळायला सांगते. तारकर्लीला स्कूबा करायचा बेत असेल तर तो पुढच्या हंगामावर टाका आणि त्याआधी मला विचारा.

डोळा फिरवायचा व्यायाम मात्र लवकर सुरू करायचा. मान स्थिर ठेवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, दिवसातून चार-पाच वेळा. आतले स्नायू व्रणात चिकटू नयेत म्हणून हे आहे. थोडं ओढल्यासारखं वाटेल, तरी करा.

ऑपरेशन झालं, तरी दोन दिसतात. फसलं का?

लगेच तसं समजू नका. कित्येकदा ऑपरेशननंतर दोन दिसणं आधीपेक्षा वाढतं, कारण ताजी सूज असते, आणि स्नायूला सावरायला आठवडे लागतात, कधी महिने. आम्ही दर भेटीला डोळ्यांच्या हालचालीचा तक्ता काढतो आणि मागच्याशी ताडून बघतो. फरक हळूहळू पडत असेल तर थांबायचं. तोवर चष्म्याला लावायची प्रिझमची पट्टी कामापुरती मदत करते. सहा महिन्यांच्या आसपासही समोर बघताना दोन दिसत असतील तर डोळ्याच्या स्नायूंचं वेगळं ऑपरेशन करून नजर जुळवता येते.

गालाचा बधिरपणा कधी जाणार?

सुरुवातीला म्हटलेली नस ती हीच. ती दबली किंवा खरचटली गेली असेल तर बहुतेकदा काही महिन्यांत परत येते. आधी मुंग्या, मग टोचल्यासारखं, मग स्पर्श. काहींच्या गालावर किंवा ओठावर थोडा बधिरपणा कायम राहतो. तो आहे तोवर चहा ओठाला लावण्याआधी गरम किती ते बोटाने बघा, आणि दाढी करताना आरसा सोडू नका.

खर्च आणि कागदपत्रांचं काय?

खर्चातला मोठा फरक जाळीमुळे पडतो, म्हणून अंदाजपत्रकात तिची किंमत वेगळी लिहून मागा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन आणि ते रुग्णालय त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

अपघात किंवा मारामारी असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवतं, त्याला एमएलसी म्हणतात. तो नियम आहे, तुमच्यावरचा संशय नव्हे. "पडलो" म्हणून खोटं सांगितलं की पुढे विमा आणि कोर्ट दोन्हीकडे अडतं. आणि घरातल्या माणसाने मारलं असेल, तर ते मला एकटीला सांगता येईल अशी वेळ मी मुद्दाम काढते. नातेवाईकांना बाहेर बसायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका.

गाडी कधी चालवायची? परत खेळता येईल का?

दोन दिसत असताना गाडी अजिबात नाही, दुचाकी तर नाहीच. एक डोळा झाकूनही नाही, कारण अंतराचा अंदाज चुकतो. पुढे चालवाल तेव्हा समोरचा भाग झाकणारं, हनुवटीपर्यंतचं हेल्मेट घ्या. अर्धं हेल्मेट डोकं वाचवतं, गाल आणि खोबण उघडी राहते.

खेळ नक्की खेळता येईल. दक्षिण कोरियाचा फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिन १ नोव्हेंबर २०२२ रोजी मार्सेच्या मैदानावर डाव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडून बाहेर पडला, ऑपरेशन झालं, आणि २४ नोव्हेंबरला काळा मुखवटा घालून विश्वचषकात उतरला. मुलं मला त्याचा फोटो दाखवतात. मी त्यांना सांगते की त्याच्या मापाचा मुखवटा बनवलेला होता आणि सोबत डॉक्टर होते. तुझ्यासाठी धक्काबुक्कीचा खेळ किमान सहा आठवड्यांनी, तेही दोन दिसणं थांबल्यावर आणि मी तपासल्यावर. कबड्डीवाल्या त्या मुलाला मी तीन महिने थांबवलं होतं. आता तो शाळेच्या संघात आहे, आणि दर सहा महिन्यांनी आईबरोबर येऊन माझ्या पेनाकडे मान न हलवता बघतो.